नाण्याचे पैसे पोहोचले आणि विक्रेता गप्प झाला, तर

जुन्या नाण्यांचा बराचसा व्यवहार आता व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरील ग्रुपमध्ये होतो. विक्रेता शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, दोन्ही बाजूंची छायाचित्रे टाकतो, रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत बोली चालते, लॉट (बोलीला ठेवलेले नाणे किंवा नाण्यांचा संच) ज्याला मिळतो तो यूपीआयने रक्कम पाठवतो आणि पार्सलची वाट पाहू लागतो. बहुतेक वेळा हे सुरळीत पार पडते. परंतु पैसे मिळाल्यावर विक्रेत्याने उत्तर देणेच थांबवले, तर खरेदीदार एक तर ओळखीच्या भिडेपोटी कित्येक आठवडे काही बोलत नाही, किंवा दुसऱ्याच दिवशी त्याला सर्वांसमोर चोर ठरवून मोकळा होतो. या दोन्हींत नुकसान खरेदीदाराचेच होते.

प्रथम हे मौन कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. ग्रुपवर विकणारे अनेकजण नोकरी सांभाळून हा व्यवहार करतात, चार-पाच लॉट साठले की एकदमच पोस्टात जातात आणि पुण्या-मुंबईत नाण्यांचे प्रदर्शन असले की ते दिवस त्यांचे टेबलावरच जातात. त्यामुळे आठवडाभर उत्तर आले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. मात्र तोच विक्रेता रोज नवे लॉट टाकत असेल आणि तुमच्याच संदेशाला उत्तर देत नसेल, तर ती दिरंगाई नसून टाळाटाळ आहे असे समजावे. त्याने तुमचा क्रमांक ब्लॉक केला असेल किंवा पैसे घेऊन तो ग्रुपमधूनच निघून गेला असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्यावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी कळवले तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते.

विचारपूस करण्याआधी पुरावा गोळा करावा, कारण विक्रेत्याला शंका आली की आधी लॉटची पोस्ट नाहीशी होते. लॉटची पोस्ट, शेवटची बोली, तुमच्या नावावर लॉट झाल्याचा संदेश, पोस्टेजसह ठरलेली रक्कम आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक यांचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण एक्सपोर्ट करून ठेवावे आणि मूळ फोन बदलू नये. नाण्याची छायाचित्रे पूर्ण आकारात जतन करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. शिवराई हाताने ठोकलेली असल्याने आणि साच्यापेक्षा तांब्याची चकती बहुधा लहान असल्याने ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या लेखांतील कोणती अक्षरे उमटली व कोणती कडेला कापली गेली, हे प्रत्येक नाण्यावर वेगळे दिसते. म्हणून छायाचित्र हीच त्या नाण्याची ओळख ठरते: तेच नाणे दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा विक्रीला आले, तुम्हाला भलतेच नाणे पाठवले गेले, किंवा ते छायाचित्र मुळात एखाद्या जुन्या लिलावातून उचललेले निघाले, तर या तिन्ही गोष्टी त्यावरून दाखवता येतात. टांकसाळीत यंत्राने पाडलेल्या ब्रिटिशकालीन रुपयाच्या बाबतीत ही सोय फारशी नसते. तिथे ओरखडे आणि डागच पाहावे लागतात.

त्यानंतर एकदा फोन करावा आणि फोन उचलला गेला तरीही झालेले बोलणे लगेच लिहून पाठवावे. संदेश थोडक्यात, मुदत देणारा आणि तिऱ्हाइताने वाचला तरी समजेल असा असावा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आपल्या लिलावातील अमुक क्रमांकाच्या लॉटची रक्कम मी अमुक तारखेला यूपीआयने पाठवली आहे. संदर्भ क्रमांक सोबत देत आहे. कृपया अमुक तारखेपर्यंत स्पीड पोस्टचा क्रमांक कळवावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तोपर्यंत उत्तर न आल्यास मी ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडे आणि पुढे रीतसर तक्रार करीन.’ सात दिवसांची मुदत पुरेशी आहे. रोज ‘साहेब, काय झाले?’ असे विचारत राहिल्याने काहीही साधत नाही. ‘पुढच्या लॉटमध्ये वळते करून घेतो’ हा प्रस्ताव मात्र स्वीकारू नये. एकदा तो मान्य केला की मूळ व्यवहार कोणता, हेच धूसर होते.

मुदत संपल्यावर सगळे कागद अ‍ॅडमिनकडे खासगीत पाठवावेत. अ‍ॅडमिन रकमेला जामीन नसतो, परंतु विक्रेत्याला पुढचे लॉट टाकण्यापासून तो रोखू शकतो, आणि माझ्या मते अनेकदा पोलिसांच्या नावापेक्षा हाच उपाय लवकर लागू पडतो. ग्रुपवर लिहायचेच असेल, तर तारखा आणि रक्कम एवढेच लिहावे. ‘ठग’, ‘भामटा’ असे शब्द वापरल्यास अब्रुनुकसानीच्या तक्रारीला आयते निमित्त मिळते.

पिन टाकून केलेले यूपीआय पेमेंट बँक केवळ तुमच्या सांगण्यावरून परत फिरवत नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याला गेलेली रक्कम कार्डावर परत वळवणे, मागावा. पेपॅलवर वाद नोंदवण्यासाठी 180 दिवस मिळतात, पण रक्कम मित्र-नातेवाईक या पर्यायाने पाठवली असेल, तर खरेदीचे संरक्षणच नसते. परदेशातील मराठी संग्राहकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे असे पार्सल आले नाही म्हणून तक्रार करताना आपलीच बाजू लंगडी असते.

विक्रेता नियमित व्यापार करणारा असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. तुम्ही ते नाणे पुन्हा विकण्यासाठी घेतले असेल, तर मात्र कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ग्राहक ठरत नाही, आणि घरातला संग्रह एकदाच विकून टाकणाऱ्या व्यक्तीला व्यापारी म्हणता येईलच असे नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार देता येते.

तक्रारीनंतर पार्सल अचानक येते, असेही घडते. ते उघडताना अखंड व्हिडिओ घ्यावा, नाण्याचे वजन करावे, जतन केलेल्या छायाचित्राशी अक्षरे ताडून पाहावीत आणि मगच पोच द्यावी. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पाठवतो’ ही अट कोणत्याही टप्प्यावर मान्य करू नये.