गाण्यांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर हलवताना

शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी पोवाडे आणि संवाद, आषाढीआधी भजनी मंडळांचे अभंग, मग गणेशोत्सवाची गाणी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती स्टुडिओंत कामाचा हंगाम असा एकाला लागून एक येतो आणि नेमक्या त्या गर्दीत संगणकाची डिस्क भरते. मग घाईत फोल्डर ओढून बाहेरच्या डिस्कवर टाकला जातो, मूळ पुसला जातो. पुढच्या वर्षी मंडळ म्हणतं, 'तेच गाणं, फक्त नावं बदलून द्या.' प्रोजेक्ट उघडतो, पण ढोलकी नाही आणि कोरसही नाही.

असं होण्याचं कारण एकच असतं. प्रोजेक्टची फाइल म्हणजे गाणं नव्हे. क्यूबेस, एबलटन, रीपर यांपैकी कोणत्याही रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची असो, त्या फाइलीत आवाज नसतो. कोणता आवाज कुठल्या फोल्डरात आहे, कुठून कुठपर्यंत वाजवायचा, त्यावर कोणते प्लगिन (इफेक्ट किंवा वाद्य देणारी जोड-सॉफ्टवेअर) लावायचे, एवढीच नोंद असते. उतारा हातात आला म्हणून शेत हातात आलं असं होत नाही, तसंच हे. म्हणून कामाचा क्रम असा ठेवायचा: आधी विखुरलेलं गोळा करणं, मग नकल करणं, मग ती नकल मुळाशिवाय उघडून पाहणं, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

किती जागा, कोणती डिस्क

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्यात असे २४ ट्रॅक असले की एक जीबी झाला. टाकून दिलेले टेक (एकाच ओळीची वेगवेगळी रेकॉर्डिंगं), फ्रीझ केलेले म्हणजे प्लगिनसकट तात्पुरते आवाजात काढलेले ट्रॅक आणि बाऊन्स म्हणजे मध्ये मध्ये काढलेली मिक्सं धरली तर एका गाण्याला तीन-चार जीबी सहज लागतात. आज आहे त्याच्या दुप्पट जागेची डिस्क घ्या. डिस्क काठोकाठ भरू नका, दहा-पंधरा टक्के मोकळी राहू द्या.

हेच २४ ट्रॅक वाजताना सेकंदाला जेमतेम साडेतीन एमबी वाचले जातात. म्हणजे वेग कमी म्हणून फिरती हार्ड डिस्क अडखळत नाही. तिची वाचणारी सुई एकाच वेळी २४ ठिकाणी पळत असते, म्हणून ती अडखळते. त्यामुळे चालू काम आणि सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा) एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर ठेवा, झालेली कामं फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवली तरी चालतात. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी तर फिरती डिस्कच बरी, कारण एसएसडी फार काळ विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यावरचा डेटा हळूहळू क्षीण होऊ शकतो. एसएसडीवर जुनी कामं असतील तर सहा महिन्यांतून एकदा ती जोडून थोडा वेळ चालू ठेवा.

ऑनलाइन अगदी स्वस्तात '१६ टीबी एसएसडी' दिसली तर घेऊ नका. अशा डिस्कमध्ये बहुधा छोटं कार्ड असतं आणि ती खोटं माप सांगते. फाइली चढताना दिसतात, पण आधीच्या फाइलींवर नवीन लिहिलं जात असतं. नवीन डिस्क कोणत्याही किमतीची असो, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफथ्री या मोफत साधनानं ती एकदा पूर्ण भरून वाचून तपासा. रात्री लावून ठेवायचं काम आहे, पण वगळू नका.

फॉरमॅट

डिस्कवर फाइली मांडायची पद्धत म्हणजे फॉरमॅट. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एसएसडीला एपीएफएस, फिरत्या डिस्कला जुनं मॅक ओएस एक्सटेंडेड. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या स्टुडिओशी देवाणघेवाण असेल आणि दोन्हीकडे वेगळ्या यंत्रणा असतील तर एक्सफॅट लागतो. पण तो फक्त ने-आण करायच्या डिस्कवर असू द्या. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंदवही, नसतो. लिहिता लिहिता वीज गेली किंवा वायर निघाली तर फोल्डरच्या फोल्डर बिघडू शकतो. फॅट३२ या कामाचा नाही, त्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. चित्ररथावरच्या प्लेअरला द्यायच्या पेनड्राइव्हपुरता तो ठीक.

फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून हे काम डिस्क रिकामी असतानाच उरका.

आधी गोळा करा

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होतं. गायकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली तान डाउनलोड फोल्डरातून थेट ट्रॅकवर ओढलेली असते. हलगीचा लूप मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टमधून उचललेला असतो. संबळाचं सॅम्पल डेस्कटॉपवर असतं. यातलं काहीच गाण्याच्या फोल्डरात नसतं, पण गाणं वाजतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

हे गोळा करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. एबलटन लाइव्हमध्ये फाइल मेनूतलं 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. तिथे विचारलेल्या सगळ्या प्रकारांना होकार द्या. क्यूबेसमध्ये 'बॅक अप प्रोजेक्ट'. त्याला रिकामा फोल्डर लागतो, आणि 'मिनिमाइझ ऑडिओ फाइल्स'वर टिक करू नका, नाहीतर वापरलेला तुकडा सोडून बाकीचा टेक कापला जातो. रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज' करताना खालचा 'कॉपी ऑल मीडिया' हा पर्याय. एफएल स्टुडिओत 'एक्सपोर्ट'मधलं 'झिप्ड लूप पॅकेज'. स्टुडिओ वनमध्ये 'कॉपी एक्सटर्नल फाइल्स'. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', ऑडिओ फाइलींच्या टिकेसह. लॉजिकमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना ऑडिओ आणि सॅम्पलर डेटा दोन्हींवर टिक.

'वापरात नसलेलं काढून टाका' असं सुचवणारा पर्याय हलवण्याच्या दिवशी वापरू नका. साफसफाई आणि हलवाहलव एकाच बैठकीत केली की चूक कुठे झाली ते शोधता येत नाही.

विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप हा फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर काही फाइली फक्त नावापुरत्या संगणकावर असतात, खरा मजकूर इंटरनेटवर. ढगाची खूण दिसली तर फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. मॅकवर आयक्लाउडचंही असंच होतं.

नावं रोमन अक्षरांत, छोटी आणि स्पेस न देता ठेवा. पुढे तारीख, आधी वर्ष. मॅकवर चालणारी प्रश्नचिन्हं, तारका आणि उभ्या रेघा विंडोजला चालत नाहीत. फोल्डरात फोल्डर घालत गेलं की विंडोजची २६० अक्षरांची मर्यादाही आड येते आणि नेमक्या आतल्या फाइली मागे राहतात. मात्र ऑडिओ फाइलींची नावं बाहेरून बदलू नका, प्रोजेक्टला त्या सापडणार नाहीत. नाव बदलायचं ते गाण्याच्या मुख्य फोल्डरचं.

नकल

सॉफ्टवेअर बंद करा. 'कट' कधीच नको, 'कॉपी'च. साधं ओढून टाकणंही चालतं, पण त्यात पडताळणी होत नाही. विंडोजवर टेराकॉपी घ्या आणि त्यातलं 'व्हेरिफाय' चालू ठेवा; नकल झाल्यावर ते पोचलेल्या फाइली पुन्हा वाचून त्यांचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) मुळाशी जुळवतं. विंडोजमधलंच रोबोकॉपी भरवशाचं आहे, पण चेकसम तपासत नाही, आणि त्याचा 'मिरर' पर्याय मुळात नसलेलं सगळं पलीकडून पुसतो. उलट दिशेनं चालला तर रिकामा फोल्डर भरलेल्या फोल्डरला रिकामं करतो. मॅकवर आरसिंक वापरा, आणि नकल झाल्यावर ते चेकसमच्या पर्यायासह पुन्हा एकदा चालवा.

वेळेचा अंदाज: सेकंदाला १०० एमबी या वेगानं २०० जीबीला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं. हीच डिस्क जुन्या यूएसबी २च्या पोर्टला लावली तर दीड तासाच्या पुढे जातं. पडताळणीला जवळपास तेवढाच वेळ आणखी धरा. सुरुवातीला वेगात जाणारी पोर्टेबल डिस्क मध्येच मंद झाली तर घाबरू नका. अशा बऱ्याच डिस्क एकावर एक सरकवलेल्या पट्ट्यांत लिहितात आणि मोठ्या नकलेत त्यांना दम लागतो. वायर ओढू नका.

पावसाळ्यात वीज येते-जाते, त्याचा विचार आधीच करा. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असतो. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, डिस्क मरते. ती यूपीएसवरच असावी. अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. ती थेट लॅपटॉपला लावा, विना-अ‍ॅडॉप्टरच्या हबमधून नको. ऑडिओ इंटरफेस आणि डिस्क एकाच हबवर असणं हे डिस्क मध्येच गायब होण्याचं नेहमीचं कारण. डिस्क काढताना 'इजेक्ट' करा. विंडोज आता 'क्विक रिमूव्हल'वर असतं, म्हणजे इजेक्ट न करताही डिस्क काढता येते, पण लिखाण चालू असताना काढली तर ते अर्धवट राहतं.

तपासणी

दोन्ही फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळला पाहिजे. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही. एक्सफॅटवर छोटी फाइलही मोठ्या कप्प्यात बसते, तेव्हा त्या आकड्यावर डोकं घालवू नका. मॅकनं एक्सफॅटवर लिहिलं असेल तर टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींमुळे संख्याही थोडी वाढलेली दिसते.

आता खरी परीक्षा. मूळ फोल्डरच्या नावाला शेवटी 'जुने' अशा अर्थाचा शब्द जोडा, आणि डाउनलोडसारख्या ठिकाणी सॅम्पल असतील तर तेही तात्पुरते दुसऱ्या फोल्डरात हलवा. मग बाहेरच्या डिस्कवरचा प्रोजेक्ट उघडा. नाव बदललं नाही तर प्रोजेक्ट गुपचूप जुन्याच जागेवरून आवाज उचलतो, तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पुसल्यावर कळतं. फाइल सापडत नसल्याची यादी आली तर ती वाचा, जुनं नाव परत द्या, पुन्हा गोळा करा.

उघडला म्हणजे झालं असंही नाही. शेवटपर्यंत वाजवा, म्यूट केलेले ट्रॅकही उघडून ऐका. मंडळाला दिलेलं मूळ मिक्स असेल तर नव्या जागेवरून पुन्हा वेव्ह काढा, दोन्ही एका रिकाम्या प्रोजेक्टात शून्यापासून लावा आणि एकाची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे त्याच्या लहरी वरच्या खाली होतील आणि सारखा आवाज एकमेकाला खोडेल. दोन्ही सारखे असतील तर शांतता. रिव्हर्ब, कोरस हे इफेक्ट आणि दर वेळी वेगळं सॅम्पल वाजवणारे तालवाद्यांचे प्लगिन यांमुळे थोडी कुजबूज राहते, तिची काळजी नको. पण त्यात एखादं वाद्य स्पष्ट ऐकू आलं तर ते एकीकडे नाही किंवा सरकलं आहे.

लायब्ररी आणि प्लगिन

काँटॅक्टसारख्या सॅम्पलरमधले आवाज 'गोळा करा'मध्ये येत नाहीत. लायब्ररी हलवायची असेल तर फोल्डर कॉपी करून त्या कंपनीच्या व्यवस्थापक सॉफ्टवेअरमध्ये नवी जागा दाखवा. काँटॅक्टच्या कंपनीच्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये तशी सोय आहे. प्लगिन स्वतः मात्र संगणकातच राहू द्या. त्यांचे परवाने आणि नोंदी यंत्रणेत असतात, फोल्डर उचलून नेल्यानं ते चालत नाहीत.

विंडोज आज डिस्कला 'ई' म्हणतं, उद्या पेनड्राइव्ह लावलेला असला की 'एफ' म्हणतं, आणि सगळ्या लायब्ररी हरवतात. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिला शेवटाकडचं एक अक्षर कायमचं द्या. मॅकवर डिस्कचं नाव बदलू नका.

प्लगिन आज आहेत, पाच वर्षांनी चालतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक संपलेल्या गाण्यासोबत सगळे ट्रॅक पहिल्या मात्रेपासून २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेवा, मिडी (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) वेगळी काढा. सोबत साध्या टेक्स्ट फाइलीत टेम्पो, ताल, पट्टी काळी दोन की पांढरी चार, आणि वापरलेले प्लगिन आवृत्तीसह. पेटी बरोबर ४४० हर्ट्झवर लागलेली नसेल तर किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे तेही लिहा. पुढच्या वर्षी बासरी जोडायची वेळ आली की हीच ओळ कामी येते.

ठेवायचं कुठे

एक डिस्क म्हणजे हलवलं, जपलं नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि ती दुसऱ्या घरात हवी. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कपाटातही ओल येते, तेव्हा डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या बदलत राहा. थंड खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच लावू नका, तासभर थांबा. गाडीत चालू डिस्कवर काम नको. फिरत्या डिस्कला धक्का बाधतो तो फिरत असताना. फ्लेक्स छपाईच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला ही डिस्क लावू नका. शॉर्टकट व्हायरस तिथूनच येतो. मंडळाला काही द्यायचं असेल तर पेनड्राइव्हवर फक्त तयार वेव्ह आणि एमपीथ्री.

दुसरी प्रतही वरच्याच पद्धतीनं मुळाशिवाय उघडून पाहिली की मग नाव बदललेला मूळ फोल्डर पुसा. रिसायकल बिन रिकामं केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, आणि एसएसडीवर ते रिकामं केलं की ट्रिम ही यंत्रणेची सूचना त्या जागा पुसून टाकते, फाइली परत काढणारं सॉफ्टवेअरही तिथे सहसा काही करू शकत नाही.