सी ड्राइव्ह लाल, डी मात्र रिकामा

चतुर्थी झाली की गोव्यात घरोघरी एकच तक्रार: घुमट आरतीचे व्हिडिओ मोबाइलवरून कॉम्प्युटरवर घेतले आणि सी ड्राइव्ह भरला. शेजारचा डी अर्धा रिकामाच. अशा वेळी लगेच नवीन हार्ड डिस्क आणायला म्हापशाला धावू नका.

आधी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं उघडा. जागा कशाने खाल्ली ते तिथे कळतं. टेम्पररी फाइल्समध्ये विंडोजची जुनी आवृत्ती दिसली तर खुशाल काढा. ती एकटीच कित्येक जीबीची असते. मात्र त्यानंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. त्याच यादीत डाउनलोड्सही असतं. त्यावर खूण करण्याआधी आत नीट बघा, घराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) नेमका तिथेच पडलेला असतो. रिसायकल बिनही रिकामा करा, त्याशिवाय पुसलेल्या फाइलींची जागा सुटत नाही.

मग खरं काम. डी ड्राइव्हवर आधी ‘व्हिडिओ’ नावाचा नवा फोल्डर करा. सी वरच्या व्हिडिओज फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर निवडा. थेट डी ड्राइव्ह निवडू नका, अख्खा ड्राइव्हच व्हिडिओज फोल्डर होऊन बसतो आणि निस्तरताना जीव जातो. प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरला तर असा हात लावूच नका.

डी हा बहुतेकदा त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले, म्हणून आरतीची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवाच.