कॉलेजात सर्वधर्म गट सुरू करायचा असेल तर

सुरुवात व्यासपीठापासून करू नका. वेगवेगळ्या पोशाखातली मुलं, प्रत्येक धर्माची एक प्रार्थना, शेवटी समूहगीत हा कार्यक्रम पाहायला छान असतो. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे आपापल्या नेहमीच्या टेबलावरच बसतात. मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. माझ्याकडे सुरगाणा, पेठ, येवला, मालेगाव, मनमाड, देवळाली कॅम्प अशा सगळीकडून मुली येतात. त्यांना एकमेकींजवळ आणलं ते मेसच्या वेळापत्रकाने, एका रिकाम्या खोलीने आणि शनिवारच्या संध्याकाळच्या बैठकीने.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक साधा कागद फिरवा. त्यावर धर्माचा रकाना ठेवू नका. तीनच प्रश्न विचारा. तुम्ही काय खात नाही, आणि कोणत्या दिवसांत? कोणत्या दिवशी सुट्टी किंवा घरी जाणं गरजेचं असतं? दिवसातून थोडा वेळ शांत बसायला जागा हवी आहे का? उत्तरं वाचली की कामाची यादी आपोआप तयार होते. पर्युषणात चौविहार करणारी मुलगी सूर्यास्ताच्या आत जेवून उठते. रोजा ठेवणारी सूर्यास्तालाच पहिला घोट घेते. दोघींना हवी असते ती एकच गोष्ट, सूर्यास्ताची अचूक वेळ. मेसच्या फळ्यावर ती रोज लिहायला लावा. कांदा-लसूण नसलेली भाजी, उपवासाची भगर, पहाटे सेहरीसाठी गरम पोळी या गोष्टींसाठी मेसच्या काकूंना आधी विश्वासात घ्या. काम वाढतं ते त्यांचं, म्हणून मदतीला मुलींची पाळी लावा. पाळीत सगळ्यांची नावं हवीत. रमजानमध्ये सेहरीच्या गॅसजवळ फक्त मुस्लिम मुलीच उभ्या असतील, तर तो गट अजून झालेला नाही.

परीक्षेच्या तारखा लागण्याआधी सणांची यादी कार्यालयात द्या. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दर वर्षी तेवढी अलीकडे सरकते. मागच्या वर्षीची तारीख बघून यंदाचं नियोजन करता येत नाही. नाताळ, बुद्ध पौर्णिमा, 14 एप्रिल, महावीर जयंती यादीत असतातच. मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव मात्र हमखास सुटतो. कोकणा आणि भिल्ल घरांतल्या मुलींना त्यासाठी गावी जायचं असतं, पण कॅलेंडरवर तो छापलेला नसतो, म्हणून त्या पोटदुखीचं कारण सांगून जातात. त्यांना खरं कारण लिहून रजा मिळाली पाहिजे. ‘तुमची पूजा आम्हाला करून दाखवा ना’ असा आग्रह मात्र कुणी धरू नये.

खोलीसाठी प्राचार्यांना अर्ज करताना राज्यघटनेचा आधार घ्या. कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्मपालनाचं स्वातंत्र्य देतं. कलम 28(3) सांगतं की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर पालकांची संमती लागते. अर्जात स्पष्ट लिहा: ‘सहभाग पूर्णपणे ऐच्छिक राहील. गटात कुणीही कुणाला आपल्या धर्मात येण्याचं आवाहन करणार नाही. बैठकीचं चित्रीकरण होणार नाही.’ पालकांच्या मनातली भीती नेमकी याच तीन गोष्टींची असते, म्हणून ही वाक्यं पालकसभेतही वाचून दाखवा.

खोली लहान चालेल. भिंतींवर कोणतीही तसबीर कायमची नको. एका कपाटात चटया, जानमाज (नमाजाची चटई), ग्रंथ, जपमाळा, आणि ज्याला त्याला आपलं सामान ठेवायला वेगळा कप्पा. जवळ नळ असावा, वजूसाठीही (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) आणि नुसते पाय धुण्यासाठीही. काहीच न मानणाऱ्या मुलीही इथे बसायला येतात, आणि त्यांचा हक्क तितकाच आहे.

आता बैठक. आठवड्यातला एकच वार ठरवा आणि तो मोडू नका, दोघीच आल्या तरी. नियम एवढाच की बोलणं ‘आमच्या घरी’ या शब्दांनी सुरू व्हावं. ‘इस्लाममध्ये असं असतं’, ‘हिंदू धर्म असं सांगतो’ म्हटलं की अठरा वर्षांच्या मुलीला कोट्यवधी माणसांची वकिली करावी लागते. आमच्या घरी दिवेलागणीला काय होतं, कुणी आजारी पडलं तर आजी काय पुटपुटते, घरातून निघताना काय म्हणतात, कुणी गेलं तर किती दिवस चूल पेटत नाही, असे प्रश्न घ्या. ‘तुमच्यात बायकांना असं का करायला लावतात?’ हा प्रश्न पहिल्या सत्रात नको. मैत्री मुरली की तो आपोआप येतो, आणि तेव्हा जिला विचारला जातो तीच उलट दोन प्रश्न विचारते.

धर्माच्या गटात जात लपून बसते, हे लक्षात ठेवा. डबा कोण उघडतं, कोणाच्या डब्यातलं कोण घेत नाही, भांडी कोण घासतं, हे न बोलता पाहत राहा. आमच्याकडे भांडी आलटूनपालटून सगळ्या घासतात आणि ताटं कुणाची वेगळी नाहीत.

वर्षातून एकदा नाशिक पायी फिरा. सकाळी काळाराम मंदिरापाशी जमा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो इथे नेटाने चालवला. दारं उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. रामाला मनोभावे हात जोडणारी मुलगी आणि बौद्ध घरातली मुलगी त्या दारासमोर शेजारी उभ्या राहून हे ऐकतात, तेव्हा घाई करू नका. कुणाला बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर तसंच पुढे निघा. रामकुंडावरून जुन्या नाशकात बडी दर्ग्याकडे जा. तिथे माहिती त्या भागातल्या मुलीने द्यावी. मग शरणपूर. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नाशकात आसरा आणि शिक्षण दिलं, आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या ब्रिटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. रोज शरणपूर रोडवरून रिक्षाने जाणाऱ्या मुलींना हे ऐकून फार नवल वाटतं.

त्रिरश्मी लेण्यांसाठी (पांडवलेणी) वेगळी सकाळ ठेवा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख तिथे आहेत. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या त्या लेखांत देवांना आणि ब्राह्मणांना दिलेली सोळा गावं आहेत, आणि त्याच माणसाने भिक्खूंसाठी खोदवलेलं लेणंही आहे. मला त्यातला पैशाचा हिशोब सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याने 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाला 240 झाले. पावसाळ्यात लेण्यात मुक्काम (वर्षावास) करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. गटाचा निधी उभारताना मी मुलींना हेच दाखवते. एका मोठ्या कार्यक्रमावर सगळं उडवू नका, दर वर्षी ठरलेल्या एका गरजेला पुरेल असं बसवा. आमचा निधी तातडीने घरी जावं लागणाऱ्या मुलीच्या बसभाड्यासाठी आहे.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती तणावाच्या दिवसाची. कुठूनतरी बातमी येते, फोनवर चित्रफिती फिरायला लागतात, आणि ज्या मुली काल एका ताटात जेवल्या त्या खोल्यांची दारं लावून घेतात. त्या संध्याकाळी बैठक झालीच पाहिजे, वार कोणताही असो. बातमीवर चर्चा करू नका. चूक कुणाची हे त्या खोलीत ठरणार नाही. आधी विचारा: कुणाचं घर त्या भागात आहे? घरी फोन लागला का? उद्या कॉलेजला कोण एकटी येते? मग जोड्या लावा. बुरखा घालणारी मुलगी सीबीएस बसस्थानकापर्यंत एकटी जाणार नाही, आणि ज्या मुलीला मुस्लिम वस्तीतून परतायचं आहे तीही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढे दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून ठेवा. कुणी चित्रफीत पाठवली तर तिला चारचौघांत बोल लावू नका, बाजूला घेऊन बोला. बहुतेक वेळा ती घाबरलेली असते.

कुणाच्या घरी मृत्यू झाला तर काय बोलायचं कळत नाही म्हणून मुली जात नाहीत. जा. त्या घरातल्या एकीला आधी विचारा: कधी यावं, काय घालावं, काही आणावं की नको.

2026 ते 2028 या काळात नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वण्यांच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांच्या, आसपास रस्ते बंद राहतील, गावी जाणं अवघड होईल, म्हणून रजांची यादी लवकर करा. सेवेला जायचं असेल तर गट म्हणून जा, पाणीवाटपाला किंवा हरवलेल्या वृद्धांना मदत करायला. धर्माची अडचण वाटणाऱ्या मुलीवर आग्रह नको, तिला त्या दिवशी वसतिगृहातलं काम द्या.

जबाबदारी दोघींकडे द्या, वेगवेगळ्या घरच्या आणि वेगवेगळ्या वर्षाच्या, म्हणजे एक पास होऊन गेली तरी दुसरी उरते. एप्रिल संपायच्या आत खोलीची किल्ली, रजांची यादी, निधीची वही आणि मेसच्या काकूंचा नंबर नव्या मुलीच्या हातात गेला पाहिजे.