कमी तेलातला, तरीही मुलायम रस्सा : या चुका टाळा

रस्सा हलका करायचा असे ठरले की बहुतेक घरांत पहिली कात्री फोडणीच्या तेलाला लागते आणि काजूची वाटी मात्र जशीच्या तशी मिक्सरच्या भांड्यात जाते. मग कॅलरी फारशा घटत नाहीत, मसाला कच्चट लागतो, रंग फिका पडतो आणि घरातली मंडळी ‘आज पथ्याचे आहे का?’ असे विचारून मोकळी होतात. पदार्थ हलका करण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते स्निग्धांश कुठून काढावा आणि कुठे राखावा हे न ठरवता सरसकट सगळेच निम्मे करणे.

म्हणून आधी हिशेब मांडावा. हॉटेलच्या धर्तीवर चौघांसाठी पनीरची ग्रेव्ही केली, तर पनीर सोडून तिच्यात 4 मोठे चमचे तेल, 1 मोठा चमचा लोणी, 50 ग्रॅम काजू आणि 100 ग्रॅम क्रीम सहज पडते. तेलाच्या 480, लोण्याच्या 100, काजूच्या 280 आणि 25 टक्के स्निग्धांश असलेल्या क्रीमच्या साधारण 240 कॅलरी धरल्या, तर एकूण 1100, म्हणजे माणशी 275 होतात. तीच ग्रेव्ही दीड मोठा चमचा तेल, 10 काजू, 200 ग्रॅम दुधी आणि 100 मिलिलिटर टोन्ड दूध वापरून केली आणि शेवटी वरून 1 लहान चमचा लोणी सोडले, तर बेरीज 390 च्या आसपास येते आणि माणशी वाटा 100 च्या आत राहतो. कांदा-टोमॅटो दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे ते मोजलेले नाहीत. या दुसऱ्या हिशेबातही फोडणी आहे, काजू आहेत आणि लोणीही आहे, हे लक्षात घ्यावे.

फोडणीचे तेल शून्यावर आणणे

मिरचीचा लाल रंग आणि बहुतेक मसाल्यांचा सुगंध तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. बिनतेलाच्या रश्श्यात तिखट, धणेपूड, गरम मसाला सगळे असूनही चव वेगवेगळी आणि कोरडी लागते, त्याचे कारण हेच आहे. चौघांच्या रश्श्याला एक ते दीड मोठा चमचा तेल ठेवावेच. मात्र कमी तेलात कोरडा मसाला क्षणात जळतो, म्हणून तिखट, हळद आणि धणे-जिरेपूड दोन चमचे पाण्यात कालवून मगच फोडणीत घालावी. पाणी आटून कडेने तेलाचे बारीक थेंब दिसू लागले की मसाला परतला गेला असे समजावे. इतक्या कमी तेलात तवंग दिसण्याची वाट पाहत बसले, तर मसाला करपतो.

तेल खरे तर जिरते ते कांद्यात. चिरलेला कांदा भरपूर तेलात लाल करण्याऐवजी अख्खा कांदा सालासकट गॅसच्या जाळीवर भाजावा, वरचे करपलेले पापुद्रे काढावेत आणि आतला मऊ, गोडसर गर वाटणात घ्यावा. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी हे पूर्वापार केले जाते आणि त्याला थेंबभरही तेल लागत नाही. चिरूनच परतायचा असेल, तर जाड बुडाच्या कढईत चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवावे, म्हणजे कांदा स्वतःच्या पाण्यात मऊ होतो. नंतर झाकण काढून लाल करावा आणि तळाला चिकटू लागला की तेलाऐवजी चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्यावा. ती खरवड टाकून देऊ नये, रश्श्याची निम्मी चव तिच्यातच असते.

काजूऐवजी मगज घालून समाधान मानणे

ही चूक सर्वांत जास्त होते, कारण ती शहाणपणासारखी दिसते. काजू, मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, खसखस, तीळ आणि शेंगदाणे यांपैकी काहीही घेतले, तरी 100 ग्रॅममागे साधारण 520 ते 580 कॅलरी पडतात, आणि सुक्या खोबऱ्याच्या तर त्याहूनही अधिक. म्हणजे मुठीच्या बदल्यात मूठ घातली, तर बदल फक्त चवीत आणि खर्चात होतो. घरची साय विकतच्या क्रीमपेक्षा हलकी असते, हा समजही तसाच निराधार आहे.

बदल करायचा तर पाणीदार भाजीने किंवा डाळीने करावा, आणि त्यात दुधीला तोड नाही. 100 ग्रॅम दुधीत जेमतेम 15 कॅलरी असतात, त्याला स्वतःची ठसठशीत चव नसते आणि शिजल्यावर त्याचा गर अतिशय तलम वाटला जातो. मंडईतून घेताना हाताला हलका, नखाने साल सहज टोचली जाईल असा कोवळा दुधी निवडावा. जून दुधीच्या बिया आणि दोरे कितीही वाटले तरी जिभेला लागतात. साल काढून, फोडी करून, त्या कांदा आणि 8-10 काजूंबरोबर अगदी थोड्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या करून शिजवाव्यात. हे मोजके काजू काढून टाकू नयेत, कारण नुसत्या दुधीचे वाटण दाट झाले तरी त्याला स्निग्धपणा येत नाही, आणि एवढ्या काजूंची बेरीज 85 कॅलरींच्या पुढे जात नाही.

फ्लॉवरही चालतो, परंतु त्याचा वास लपत नाही, म्हणून चौघांच्या रश्श्यात 100 ग्रॅमच्या वर घेऊ नये. लाल भोपळा रंग सुरेख देतो आणि रस्सा गोड करतो. कोल्हापुरी चवीच्या तिखट रश्श्याला तो गोडवा चालून जातो, पांढऱ्या ग्रेव्हीला मुळीच नाही. शिजवलेली मसूर किंवा मूगडाळ उत्तम, कारण तिच्यामुळे प्रथिनेही वाढतात. बटाटा मात्र मिक्सरमध्ये फिरवू नये, कारण त्यातले पिठूळ कण फुटून रस्सा चिकट, तारदार होतो. घालायचाच असेल तर हाताने कुस्करून घालावा.

स्निग्धांशाशिवाय मुलायमपणा येऊच शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी लग्नाच्या पंगतीतली अळूची पातळ भाजी आठवावी. अळूचा शिजलेला गर आणि चमचा-दोन चमचे बेसन रवीने वा डावाने घोटत राहिले की क्रीमचा थेंब नसतानाही भाजी मिळून येते. तिथे सगळी किमया घोटण्याची असते, आणि नेमके तेच काम घाईत टाळले जाते.

वाटण भरड ठेवणे

रस्सा खरखरीत लागला की लोक क्रीम वाढवतात; वाढवायला हवा असतो मिक्सरचा वेळ. सुरुवातीलाच भरपूर पाणी घातले की कण पात्यांपासून निसटत राहतात, म्हणून आधी जेमतेम पाण्यात घट्ट गोळ्यासारखे वाटावे, कडा खाली ओढाव्यात आणि पुन्हा फिरवून मगच सैल करावे. वाटण थोडे असेल तर मोठ्या भांड्यात ते नुसते कडेला उडते, त्यासाठी चटणीचे लहान भांडे घ्यावे. टोमॅटोची साल आणि बिया कितीही वाटल्या तरी पूर्ण जात नाहीत, म्हणून टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत आणि पाहुणे यायचे असतील तर वाटण गाळणीतून घोटून काढावे. गरम वाटण बंद भांड्यात फिरवू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि हात भाजतो.

वाटण झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. शिजत असलेल्या रश्श्याचा थेंब स्टीलच्या ताटलीत टाकून ताटली तिरपी करावी. थेंब एकसंध घसरला तर रस्सा मिळून आला आहे. पुढे पाण्याचा ओघळ गेला आणि गर मागे राहिला, तर कोरडे भाजलेले 1 लहान चमचा बेसन गार पाण्यात कालवून घालावे आणि मंद आचेवर पाच मिनिटे शिजू द्यावे.

दही किंवा दूध थेट उकळत्या रश्श्यात ओतणे

दुधातले केसीन हे प्रथिन आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की गोळा होऊन पाण्यापासून वेगळे होते. टोमॅटोच्या रश्श्यात दूध फाटते ते यामुळेच, आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही क्रीमपेक्षा कितीतरी लवकर फाटते. म्हणूनच हलका रस्सा करताना हा प्रसंग वरचेवर येतो. उपाय आपल्या कढीतच आहे: वाटीभर दह्याला 1 लहान चमचा बेसन लावून ते गुठळी न ठेवता घुसळावे, म्हणजे पिठातला स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. दही ताजे, आंबट नसलेले आणि फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेले असावे. त्यात आधी दोन डाव गरम रस्सा घालून ते कोमट करावे, मग आच मंद करून रश्श्यात सोडावे आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळणे थांबवू नये.

दह्याऐवजी चक्का वापरला तर रस्सा पातळ होत नाही आणि दोन मोठ्या चमच्यांतच पुरेसा मुलायमपणा येतो. दूध घ्यायचे झाले तर पिशवीवरचा स्निग्धांश वाचून घ्यावे: फुल क्रीममध्ये 6, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का असतो. टोमॅटो पूर्ण शिजून त्याचा कच्चा आंबटपणा गेल्यावर, गॅस बंद करून, गरम केलेले टोन्ड दूध घालावे. डबल टोन्ड चहाला ठीक. रश्श्यात ते पाणचट लागते. नारळाचे दूध वापरत असाल तर शिजवायला दुसऱ्यांदा काढलेले पातळ दूध घ्यावे आणि पहिले दाट दूध दोन चमचेच, तेही शेवटी.

तरीही फाटलेच, तर भांडे ताबडतोब आचेवरून उतरवून गार होऊ द्यावे आणि चमचाभर शिजवलेली डाळ किंवा दुधीचा गर घालून मिक्सरमधून काढावे. दिसायला रस्सा पुष्कळ सावरतो, पण त्याला पुन्हा खळखळून उकळू नये.

कॉर्नफ्लोअरवर भिस्त ठेवणे

कॉर्नफ्लोअरने दाटपणा येतो, मुलायमपणा येतोच असे नाही. एक वाटी रश्श्याला अर्धा लहान चमचा पुरे. त्याहून जास्त झाले की भाजीला खळीची कळा येते. ते गार पाण्यातच कालवावे आणि घातल्यावर दोन मिनिटे शिजवावे, नाहीतर पिठूळ चव राहते.

तिखट-आंबटाचे जुने प्रमाण तसेच ठेवणे

स्निग्धांश तिखटाची आणि आंबटाची धार बोथट करतो, त्यामुळे तो कमी केल्यावर नेहमीच्याच मापाने घातलेले तिखट झोंबते. तिखट आणि टोमॅटो दोन्ही पाव हिश्शाने कमी करावेत आणि कसूरी मेथी हातावर चुरडून शेवटी घालावी. राखून ठेवलेले चमचाभर लोणीही शिजताना न घालता वाढण्याआधी वरून सोडावे, कारण पृष्ठभागावर राहिलेला स्निग्धांश जिभेला सर्वांत आधी भेटतो आणि थोडक्यात भागते. मिसळीचा कट मात्र या सगळ्या हिशेबातून वगळावा. तर्रीवाचून मिसळ करण्यापेक्षा ती कमी वेळा खाल्लेली बरी.

डब्याचा विचार न करणे

पुण्यातले कितीतरी डबे सकाळी आठच्या आत भरले जातात आणि दुपारी ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम होतात. दह्याचा किंवा दुधाचा रस्सा तिथे हमखास फुटतो, म्हणून डब्यासाठी दुधी-डाळीचेच वाटण करावे. डाळीचा आणि काजूचा रस्सा गार झाल्यावर घट्ट होतो, तेव्हा सकाळी तो नेहमीपेक्षा थोडा सैल ठेवावा. दही हवेच असेल तर ते वेगळ्या लहान डबीत द्यावे आणि रस्सा गरम करून झाल्यावर वरून कालवायला सांगावे.