लेकीच्या नावावर घर करताना

सोसायटीच्या फॉर्मवर लेकीला नॉमिनी लावून मी बरीच वर्षं निर्धास्त होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे उशिरा कळलं.

खऱ्या वाटा दोन. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदललं तर नवं करता येतं. बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच घर देऊन टाकण्याचा दस्त; तो नोंदला की नुसतं मन बदलून मागे घेता येत नाही. घाई नसेल तर मृत्युपत्रच करा, असं मी सांगेन. आमची लेक आमच्यासोबतच राहते आणि डागडुजीसाठी तिला घरावर कर्ज काढायचं होतं, म्हणून आम्ही बक्षीसपत्र केलं.

आधी घर आपलं किती, ते बघा. आमच्या करारावर हिचंही नाव होतं, म्हणून देणारे आम्ही दोघं. वडिलोपार्जित घर असेल तर आपल्या वाट्यापलीकडचं देता येत नाही. घरावर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं.

आता मसुदा. इथे वेळ घालवा. लेखनिकाने तयार नमुना पुढे केला. त्यात लिहिलेलं, ‘आजपासून देणाऱ्यांचा या मिळकतीत कोणताही हक्क राहिलेला नाही.’ मी सही केली नाही. दोन कलमं घालून घेतली: आम्ही दोघं हयात असेपर्यंत या घरात राहू, आणि लेक आमचा सांभाळ करेल. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ याच दुसऱ्या अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर साठी ओलांडलेल्यांना न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अशी अट कागदात नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलं. २०२५च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने जरा उदार अर्थ लावला खरा, पण आपण कशाला वाद ठेवा?

लेकीला लागलं. “बाबा, हे लिहून घ्यायची वेळ आली का?” मी म्हटलं, “अगं, तुला आमच्याआधी काही झालं तर घर तुझ्या वारसांकडे जाईल. ते आम्हाला ठेवतीलच असं नाही.” मग तिनेच मसुदा पुन्हा वाचून एक चूक काढली, फ्लॅटचा नंबर चुकला होता.

नोंदणी त्यामानाने सोपी. महाराष्ट्रात राहतं घर मुलगा-मुलीला दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरांत वर बाजारमूल्यावर अधिभार लागतो, त्याचा आकडा आधीच काढून घ्या. दोन साक्षीदार लागतात, आणि स्वीकारणारी म्हणून लेकीचीही सही घ्या. सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायला द्यावा लागतो. आईवडिलांकडून मिळालेल्या या भेटीवर लेकीला आयकर नाही.

इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा उतारा, हाती आला की सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), घरपट्टी आणि विजेचं बिल तिच्या नावावर करायला अर्ज द्या. आमचं विजेचं बिल अजून माझ्याच नावाने येतं.