पहिल्या नाइटला वॉर्ड ताब्यात घेताना

वाशी-नेरुळकडच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पहिली नाइट लागलेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी हे लिहिते आहे. ड्यूटी आठची असेल तर साडेसातला वॉर्डात पोहोचा. पावसात हार्बर लाइन कधी अडेल सांगता येत नाही, एक लोकल आधीची पकडा. सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ, टॉर्च, दोन पेनं आणि छोटी वही जवळ हवी.

ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, काउंटरवर घेऊ नका, प्रत्येक बेडपाशी उभं राहून घ्या. नाव पेशंटच्याच तोंडून ऐका आणि मनगटाच्या पट्टीशी ताडून बघा. कशाची ॲलर्जी आहे, आज काय ऑपरेशन झालं, शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं, उपाशी ठेवायचंय का, एवढं वहीत उतरवा. क्रॅश ट्रॉली (इमर्जन्सीच्या औषध-साधनांची गाडी), सक्शन (घशातला स्राव ओढायचं मशीन) आणि ऑक्सिजन स्वतः तपासून, चालवून बघा.

मग श्वास, आणि तो मशीनच्या आधी. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवा, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात. चार्टवर ओळीने सगळ्यांचे २० दिसले तर ते कुणी मोजलेलेच नाहीत. मी नवी असताना हेच केलं होतं. मार्केटमधले एक माथाडी काका, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. ऑक्सिजन ९६, बीपी ठीक, म्हणून मी २० लिहून पुढे गेले. माझ्यानंतरच्या सिस्टरने मोजले तर ३२! पोटात पू झाला होता. जोरजोरात श्वास घेऊन शरीर ऑक्सिजनचा आकडा सांभाळून धरतं, म्हणून मशीन शांत होतं. काका वाचले, पण ते तास मी वाया घालवले होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज-२ या, पेशंट किती बिघडतोय ते गुणांत मोजणाऱ्या तक्त्यात श्वास २५ किंवा जास्त असला की एकट्या त्याचेच ३ गुण होतात, आणि तेवढ्यावरच डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं.

दुखणं विचारताना ० ते १० चा हिशोब पुष्कळांना जमत नाही. मी म्हाताऱ्या माणसांना ‘रुपयातले किती आणे दुखतंय?’ असं विचारते, लगेच ‘बारा आणे’ असं उत्तर येतं. कष्टकरी माणूस दुखतंय म्हणत नाही. ‘काका, जरा खोकून दाखवा’ म्हणा आणि चेहरा बघा.

ऑपरेशनच्या पेशंटचं ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी पाठीखाली हात घालून बघा, रक्त उताराकडे जातं. ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) किती आणि कोणत्या रंगाचं आलं ते लिहा. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. कमी वाटली तर आधी नळी दुमडली आहे का बघा. कॅन्युलाची (सलाइनसाठी शिरेत घातलेल्या नळीची) जागा लाल आहे का, एकच पोटरी सुजली आहे का, हेही त्याच फेरीत.

पावसाळ्यात डेंग्यूचे बेड भरतात. ताप उतरला की नातेवाईक घरी सोडा म्हणतात, पण धोका त्याच एक-दोन दिवसांत असतो. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २० वर आलं, पोट दुखू लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या जुनाट आजाराच्या पेशंटला ऑक्सिजन किती ठेवायचा ते आधीच विचारून ठेवा. बहुतेकदा ८८ ते ९२ सांगतात. शुगरचा पेशंट रात्री घामेजला, बडबडायला लागला तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

पहाटे मावशी युरोबॅगा, म्हणजे लघवीच्या पिशव्या, रिकाम्या करायला निघतात. त्यांच्या आधी तुम्ही प्रत्येक बॅगेचा आकडा लिहून घ्या.