मिक्सरऐवजी वीट आली तर?

ऑनलाइन मागवलेलं पार्सल फोडताना मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवा. पत्त्याचं लेबल, सीलपट्टी आणि आतली वस्तू एकाच सलग व्हिडिओत दिसली पाहिजे. मध्ये कट आला की समोरचा शंका काढायला मोकळा. आमच्याकडे एकदा मिक्सरच्या भांड्याला तडा गेलेला निघाला, तेव्हा हा व्हिडिओच कामी आला.

फोनवर तासभर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तिथलं गोड बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही. तक्रार ॲपवर किंवा ईमेलने लेखी करा, तक्रार क्रमांक घ्या आणि चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर असतो, बहुधा अगदी तळाशी, बारीक अक्षरांत!

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ती मोफत आहे, आणि पुष्कळदा कंपनी तेवढ्यानेच हलते. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी तुम्ही सांगलीत राहत असाल तर तक्रार सांगलीतच करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची.